काळा समुद्र आणि मार्मारा समुद्र जोडणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीतून पाणी सतत बाहेर वाहतं, तरी काळा समुद्र गोड का होत नाही? आणि खालच्या उलट्या प्रवाहाचा जहाजांना उपयोग होतो का?

कारण वरून जेवढं मीठ बाहेर जातं तेवढंच तळातून आत येतं. ढोबळ हिशोब असा: वर्षाला सुमारे ६०० घन किलोमीटर पाणी वरच्या थरातून मार्माराकडे जातं, क्षारता किलोला १८ ग्रॅम. खालून साधारण ३०० घन किलोमीटर आत येतं, ते ३६ ग्रॅमच्या आसपास. गुणाकार करून बघा. मधला ३०० चा फरक म्हणजे डॅन्यूब, नीपर, नीस्टर, डॉन या नद्या अधिक पाऊस, वजा बाष्पीभवन.

खरं तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण "काळ्या समुद्राची पातळी उंच, म्हणून पाणी वाहतं, विषय संपला" असं सांगणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. पातळी उंच आहेच, मार्मारापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर. मग तळाचं पाणी त्याच उंच बाजूकडे का जातं? यावर वारा, भोवरे, पृथ्वीचं फिरणं, वाट्टेल ते ऐकायला मिळतं.

निकाल १६८१ सालीच लागलाय. इटलीतल्या बोलोन्याचा लुइजी मार्सिली विशीत कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) गेला होता. त्याने पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधलेला दोर पाण्यात सोडला. वरचे तुकडे एकीकडे झुकले, खालचे दुसरीकडे. दोन्ही थरांच्या पाण्याची घनता मोजली आणि मग टाकीत प्रयोग करून दाखवला. त्याने प्रवाह "शोधला" असं मात्र म्हणू नका. जाळी उलटी ओढली जातात हे कोळ्यांना ठाऊक होतंच; सहाव्या शतकात इतिहासकार प्रोकोपियसने ते लिहूनही ठेवलंय. मार्सिलीने कारण दाखवलं: खारट पाणी जड असतं, म्हणून ते तळातून शिरतं. ते मोठं काम आहे.

पटत नसेल तर स्वतः करा. ६० × ३० सेंटिमीटर तळाची काचेची टाकी घ्या आणि बरोबर मध्ये अ‍ॅक्रिलिकचा पडदा सिलिकॉनने चिकटवा. सिलिकॉनला चोवीस तास द्या. घाई केली तर तळाच्या सांध्यातून रंग झिरपतो आणि प्रयोग वाया जातो. पडद्याला १२ मिलिमीटरची दोन भोकं हवीत, एक तळापासून २ सेंटिमीटरवर, दुसरं १४ सेंटिमीटरवर. दोन्हींत रबरी बुचं. दोन्हीकडे १६-१६ लिटर पाणी ओता, म्हणजे उंची १८ सेंटिमीटरच्या जरा खाली येते. एकीकडे २९० ग्रॅम मीठ आणि पिवळा खाद्यरंग (हा काळा समुद्र), दुसरीकडे ६१० ग्रॅम आणि निळा (हा मार्मारा). मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवा. खाण्याच्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड पाणी दुधाळ करते, तेव्हा रात्रभर निवळू देऊन वरचं पाणी घ्या. तापमान दोन्हीकडे एकच हवं. दहा अंशांचा फरक लिटरमागे तीन-चार ग्रॅम मिठाइतकी घनता बदलतो. नळाचं ताजं पाणी नको, भोकांच्या कडेला बुडबुडे धरतात.

आता फक्त खालचं बूच काढा. निळं पाणी पिवळ्या बाजूला शिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं. हलक्या बाजूची पातळी आता दोन-अडीच मिलिमीटर उंच असेल. पट्टी लावून, डोळा पाण्याच्या रेषेत आणून वाचा. मग वरचं बूच काढा. वरून पिवळं पाणी एकीकडे, खालून निळं दुसरीकडे, एकाच वेळी. वर पातळीचा उतार जिंकतो, खाली घनतेमुळे येणारा दाब. उतार आणि घनता एकमेकांचे पर्याय नाहीत, हेच माझं म्हणणं.

टाकीतला प्रवाह अर्ध्या-पाऊण तासात मंदावतो, कारण शेवटी दोन्हीकडे सारखेच थर साचतात. बॉस्फरस थांबत नाही, कारण एका टोकाला नद्या ओतत राहतात आणि दुसऱ्या टोकाला, मार्माराच्या पलीकडे, भूमध्य समुद्र उन्हाने खारट होत राहतो. नुसती टाकी दाखवून "हाच बॉस्फरस" म्हणणारे हे सांगत नाहीत.

गंमत म्हणजे १८७१ मध्येही स्प्रॅटसारखा कसलेला ब्रिटिश सर्वेक्षक तळाचा प्रवाह नाकारत होता. नावेतून मोजताना नाव स्वतः वाहते आणि दोराला वरचा थर ओढतो. खाली सोडलेली वस्तू पुरेशी रुंद नसेल तर खालची ओढ कळतच नाही. पुढच्याच वर्षी वॉर्टनने शीअरवॉटर जहाजावरून मोजणी करून तो प्रवाह दाखवला. १८८१-८२ मध्ये रशियाच्या मकारोवने स्वतः बनवलेल्या उपकरणाने वेगवेगळ्या खोलीवर वेग मोजले, त्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

जहाजांचं म्हणाल तर फायदा नाही. दोन थरांमधली सीमा उत्तर टोकाला ५० मीटरच्या आसपास असते, दक्षिणेला १०-२० मीटरवर येते. जहाजाचा बहुतेक भाग वरच्याच थरात असतो. त्रास मात्र वरच्या प्रवाहाचा: नेहमी ३-४ नॉट (म्हणजे ताशी तितके सागरी मैल), अरुंद जागी कधी ७-८. सामुद्रधुनीतल्या कांदिल्लीजवळ रुंदी जेमतेम ७०० मीटर आणि ४५ अंशांचं वळण, येनिक्योयला ८० अंशांचं. दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजाला मागून रेटा असतो आणि सुकाणूवर पाण्याचा जोर कमी पडतो, म्हणून तेच जास्त अवघड.

दोन गोष्टी राहिल्या. टाकीत थर बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. तिथे सामुद्रधुनीत, विशेषतः दक्षिण तोंडाशी, खालचं काही पाणी वर मिसळून परत मार्मारात जातं. शिवाय नैर्ऋत्येचा लोदोस वारा जोरात सुटला की वरचा प्रवाह थांबतो किंवा उलटतो, तिथले लोक त्याला ओरकोझ म्हणतात. उत्तरेचा वारा फार जोरात असला किंवा नद्यांना पूर आला की खालचा प्रवाह अडतो. त्यामुळे वरचे ६०० आणि ३०० हे वर्षाची सरासरी म्हणूनच धरा. एखाद्या दिवसाला ते लागू करू नका.