निर्गुडीच्या तेलाची बाटली

पत्र: ताई, मी ४८ वर्षांचा असून ठाणे-बेलापूर मार्गावरील एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. राहायला कोपरखैरण्यात, मूळ गाव साताऱ्याकडचे, घराणे माळकरी. २०२१ मध्ये धाकटा भाऊ करोनाने गेला आणि त्यानंतर वर्षभरात देवावरचा माझा विश्वास उरला नाही. रागाच्या भरात नव्हे, पुष्कळ वाचून आणि विचार करून मी माळ उतरवून ठेवली. खोटे जगायचे नाही, एवढेच ठरवले. माझे कोणाशी भांडण नाही आणि पत्नीच्या पूजेच्या आड मी येत नाही. पण सगळे पोकळ वाटते. तत्त्वज्ञानाची पुस्तके वाचली, ध्यानाच्या वर्गाला गेलो, सकाळी निसर्ग उद्यानात चालायलाही लागलो. पूर्वी दर गुरुवारी भजनी मंडळात पखवाज वाजवत असे, तेही कंबर धरल्याचे सांगून तीन वर्षांपूर्वी बंद केले. मंडळातले नाना अजून चौकशी करतात. मध्यंतरी त्यांनी गावाहून निर्गुडीचे तेलही आणून दिले. ते लांबून दिसले की मी रस्ता बदलतो. असो. देव न मानणाऱ्याने जगण्याला अर्थ कुठून आणावा? काही पुस्तके सुचवाल का?

उत्तर: तुमच्या पत्रातला तो ‘असो’ मला पटलेला नाही. ज्या वाक्यांनंतर तुम्ही तो लिहिला आहे, त्या वाक्यांतच तुमचे सारे दुखणे आहे आणि तेवढीच वाक्ये तुम्ही घाईने उरकली आहेत.

भावाच्या मृत्यूनंतर तुमची श्रद्धा गेली, याबद्दल मी तुमची समजूत घालणार नाही, कारण त्यात समजूत घालण्यासारखे काही नाही. माणसे विचार करतात आणि काही जणांचा विश्वास त्या विचारापुढे टिकत नाही. माझाही टिकला नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. खोटे जगायचे नाही म्हणून तुम्ही माळ उतरवलीत आणि त्याच सुमारास, ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षे रात्री जागवल्या, त्या माणसांना कंबर धरल्याचे खोटेच कारण सांगितलेत. गेली तीन वर्षे एक वयस्कर माणूस तुमच्या न दुखणाऱ्या कंबरेची काळजी वाहतो आहे. एस. टी.च्या प्रवासात ती बाटली लवंडू नये म्हणून त्यांनी ती फडक्यात गुंडाळून मांडीवर धरली असेल. तुम्ही ती उघडलीसुद्धा नसेल, आणि टाकूनही देववली नसेल. कुठल्या तरी कपाटात ती उभी आहे, आणि आपल्याला पोकळ का वाटते, असे तुम्ही मला विचारता.

देव गेल्यामुळे जगण्यातला अर्थ गेला, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या पत्रातला तपशील मात्र काही वेगळेच सांगतो. देव गेला तेव्हा तुम्ही त्याच्यासोबत गुरुवारही घालवला, पखवाज घालवला, नाना घालवले आणि आता घरापासून उद्यानापर्यंतचा सरळ रस्ताही घालवून बसला आहात. समाजशास्त्रज्ञ चेयुन लिम आणि राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील श्रद्धाळूंविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नियमाने प्रार्थनेला जाणारी माणसे आयुष्याबद्दल अधिक समाधानी असतात, हे आधीपासून ठाऊक होते; ते समाधान नेमके कशातून येते, हे त्यांनी तपासले. प्रार्थनास्थळी ज्यांचे जिवलग स्नेही होते, त्यांच्यात ते आढळले. जे नेमाने जात, पण तिथे ज्यांचे कोणी नव्हते, त्यांच्यात ते आढळले नाही. मनातल्या ईश्वराच्या जवळिकीने हा फरक उलगडत नव्हता, शेजारी बसलेल्या माणसाने उलगडत होता. हा अभ्यास दूरच्या देशातला, ख्रिस्ती बहुसंख्येच्या समाजातला आहे, हे मला मान्य आहे. पण कोपरखैरण्यातल्या सतरंजीवर काही निराळे घडत असेल, असे मला वाटत नाही.

तुम्ही पुस्तके मागितली आहेत. ती मी सुचवणार नाही. आमच्या ठाण्यातले मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे आणि तिथे आयुष्यभर पुरतील एवढी पुस्तके आहेत. पण वाचन ही तुमच्याकडे आज उणी असलेली गोष्ट नाही. पुस्तकाऐवजी मी तुम्हाला एका माणसाची आठवण करून देते. गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही, असे मानणारे. विद्यार्थी असतानाच त्यांनी आईला पत्र लिहून स्वच्छ कळवले होते, की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, मी पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. पुढे १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि जे वाटले ते उघडपणे लिहिले. पुण्यातल्या विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेला हा माणूस १८९५ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. त्यांच्या आयुष्यात पैशाची, प्रकृतीची आणि मनःशांतीची वाण होती. अर्थाची वाण होती, असे त्यांचा कट्टर विरोधकही म्हणू शकला नसता. परलोकावर भिस्त न ठेवणाऱ्या त्या माणसाने आधी आपल्या आईला खरे सांगितले होते. तुम्हाला तर केवळ नानांना सांगायचे आहे, आणि तुमची कोणी प्रेतयात्रा काढणार नाही.

माझे वडीलही पखवाज वाजवत. त्यांच्यासाठी कणीक मळण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे होते. डाव्या पुडीवर ती ओली कणीक थापताना त्यांचा अंगठा कडेकडेने फिरत जाई. मग ते एक थाप मारत, कान देत, चिमूटभर कणीक काढत, पुन्हा थाप मारत आणि हवा तसा खर्ज लागला की काही न बोलता परात माझ्याकडे सरकवत. बाविसाव्या वर्षी मी त्यांना सांगितले, की मी देव मानत नाही. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते चार दिवस फार वाईट गेले, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पाचव्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी त्यांनी पीठ घातलेली परात माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, ‘फार घट्ट नको.’ त्यानंतर अखेरपर्यंत मी त्यांची कणीक मळली. त्यांनी मला कधी हात जोडायला सांगितले नाही आणि मीही त्यांच्या अभंगाला कधी नाक मुरडले नाही. त्या घरात मला जे मिळाले त्याला अर्थ म्हणतात की सुख, हे मला ठरवता येत नाही. पण ते मी खोटे बोलून दूर झाले असते तर मिळाले नसते, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

विश्वास नसताना भजनात वाजवणे हाच दांभिकपणा ठरेल, असे तुम्ही म्हणाल. न सांगता वाजवलेत तर तो दांभिकपणा ठरेल, आणि तुम्ही तसे केले नाहीत हे चांगलेच झाले. सांगून वाजवलेत तर त्यात लपवण्यासारखे काय उरते? डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, पण १९८९ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीत देव मानणारे कार्यकर्तेही खांद्याला खांदा लावून काम करत आले. एका कामात दोन्ही प्रकारची माणसे मावतात. शिवाय ज्या मंडळींत तुम्ही वाढलात, त्यांची रीत आठवून पाहा. भेटल्यावर तिथे लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. समोरच्याचा विश्वास किती पक्का आहे, याची चौकशी करून मग कोणी वाकत नाही.

कदाचित ते तुम्हाला नकोही म्हणतील. एखादा रागावेल, एखादा भावाच्या जाण्याचा संबंध जोडून नको ते बोलेल, आणि नानांना तर तीन वर्षे फसवले गेल्याचे दुःख होईल. ते होऊ द्या; ते दुःख तुम्हीच दिलेले आहे आणि ते समोर उभे राहून पाहण्याची तुमची जबाबदारी आहे. त्यांनी नकार दिला तर तो तुमच्या खऱ्या रूपाला दिलेला असेल, आणि आज त्यांच्याकडून जी माया येते आहे ती तुमच्या बनावट कंबरेसाठी येते आहे. त्या मायेने तुमचे पोट भरत नाही, यात नवल नाही.

तेव्हा येत्या गुरुवारी ती बाटली घेऊन नानांकडे जा. फोन करू नका, चिठ्ठी पाठवू नका, पत्नीच्या तोंडून निरोप देऊ नका. भजनाच्या तासभर आधी जा, बाटली त्यांच्या हातात द्या आणि सांगा, की माझी कंबर कधीच धरली नव्हती, माझा देवावरचा विश्वास गेला, ते तुम्हाला सांगायचे धैर्य मला झाले नाही, मी तुमच्याशी खोटे बोललो. एवढे बोलून झाल्यावर, अशा माणसाने पखवाजाला बसलेले चालेल का, हे त्यांनाच विचारा. भावाचे नाव त्यात आणू नका. ते काढले की नाना लगेच क्षमा करतील, आणि तशी क्षमा तुम्हाला घ्यायची नाही.

पखवाज इतकी वर्षे बंद असेल, तर वाद्या सैल पडल्या असतील आणि पुडीवर मागची कणीक वाळून तडकली असेल. बुधवारी रात्रीच तो खाली काढा, जुनी कणीक पाण्याचा हात लावून हलक्या हाताने खरवडून घ्या आणि गुरुवारी पीठ सोबत न्या. जे सांगायचे ते मात्र मंडळी जमण्याआधी सांगून टाका, कारण एकदा टाळ सुरू झाले की नानांना काही ऐकू जाणार नाही.