‘मोसासॉर’मध्ये मासा नाही

‘मोसासॉर’मधला ‘मोसा’ म्हणजे आपला ‘मासा’च का, आणि समुद्रात राहणाऱ्या या नामशेष सरपटणाऱ्या प्राण्याला ‘समुद्री डायनोसॉर’ म्हणावे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: म्हणू नये. बातम्यांत आणि मुलांच्या पुस्तकांत हा शब्द सर्रास वापरतात, तो सपशेल चुकीचा आहे. मोसासॉर सरडे आणि साप यांच्या गोतातला आहे, डायनोसॉरांच्या नव्हे. शिवाय त्याचे नाव १८२२ मधले आहे, तर इंग्रज शरीरशास्त्रज्ञ ओवेन यांनी ‘डायनोसॉर’ हा गट मांडला तो १८४२ मध्ये.

‘मासा’ संस्कृत ‘मत्स्य’वरून आला, आणि ‘मोसा’ हे एका नदीचे लॅटिन नाव आहे. फ्रान्समध्ये उगम पावणाऱ्या या नदीला डच लोक ‘मास’ म्हणतात, आणि तिच्या काठच्या मास्ट्रिख्त गावाजवळ, चुनखडीच्या खाणीत, अठराव्या शतकात या प्राण्याच्या कवट्या सापडल्या. गावाच्या नावातला ‘ट्रिख्त’ म्हणजे लॅटिन ‘त्रायेक्तुम’, म्हणजे नदी ओलांडण्याची जागा. ‘नदीला उतार मिळाला’ असे आपण म्हणतो, त्यातला ‘उतार’ तो हाच. उट्रेख्त या डच शहराच्या नावातही तोच शब्द दडला आहे. याहून सुंदर गोष्ट मोझेल नदीची आहे. तिचे जुने नाव ‘मोसेल्ला’, म्हणजे धाकटी मोसा: आपल्याकडे गाड्याची गाडी होते, तशी मोसाची मोसेल्ला झाली.

उरला ‘सॉर’. परिभाषाकार डोळे झाकून त्याला ‘सरडा’ म्हणतात, हे मला मुळीच मान्य नाही. ग्रीक ‘सॉरोस’मध्ये सगळेच येत असतील, पण मराठीत पाल, सरडा, सापसुरळी आणि घोरपड ही वेगवेगळी नावे आहेत. ही कवट्यांतली हाडे मास्ट्रिख्तचे शल्यचिकित्सक हॉफमन यांना मगरीची वाटली, डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस काम्पर यांना देवमाशाची. पेट्रुस यांच्या मुलाने, आद्रियान काम्पर यांनी, १७९९ मध्ये घोरपडीशी नाते ओळखले. श्रेय मात्र सहसा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांना दिले जाते, ज्यांनी १८०८ मध्ये त्याच मताला दुजोरा दिला. म्हणून मराठी नाव हवेच असेल, तर ते ‘मोसाघोरपड’ असावे. परक्या नदीला मराठी घोरपड जोडल्याने संकर होतो, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की नाव देणाऱ्या इंग्रज भूवैज्ञानिक कॉनिबेअर यांनीही लॅटिन ‘मोसा’ला ग्रीक ‘सॉरोस’च जोडला होता.