'एपीएस' म्हणजे नेमके किती?

गेल्या महिन्यात ह्याच पानावर मी सहज लिहून गेलो की ज्या हॉटेलात भाव लिहिलेले नसतात तिथे मी चहाच्या पुढे जात नाही, आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की आजचं पूर्ण पान त्यालाच द्यावं लागतंय. काही पत्रं कापून छोटी केलीत, रागावू नका. एका काकांनी चार पानं लिहिली होती, त्यातली तीन पानं जावयावर होती.

प्रश्न : आम्ही चौघं मालवणला गेलो होतो. कार्डवर बांगडा थाळी, सुरमई थाळी, सगळ्यांचे दर होते, फक्त पापलेट, कुर्ली आणि शेवंड ह्यांच्यापुढे 'एपीएस' लिहिलेलं. मुलाने एक पापलेट फ्राय मागवलं. बिलात त्या एकट्या पापलेटचे ११५० रुपये! ही लूट नाही का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एपीएस म्हणजे 'अ‍ॅज पर साइज', जेवढा मासा तेवढा भाव. लूट आहे की नाही ते मासा न बघता मी सांगू शकत नाही, पण हे एपीएस आलं कुठून ते सांगतो. सुरमईच्या तुकड्या पडतात, तुकडी साधारण सारखी कापता येते, म्हणून तिचा दर छापता येतो. पापलेट ताटात अख्खं येतं. आणि गंमत अशी की पापलेटचा किलोचा भावच आकारावर चढतो, म्हणजे दोनशे ग्रॅमची दोन पापलेटं आणि चारशे ग्रॅमचं एक, वजन तेच पण पैसे तेच नाहीत, मोठ्याला बराच जास्त भाव. त्यात किनाऱ्यावर लिलाव होतो रोज, होड्या किती आल्या, वारा कसा होता ह्यावर आकडा हलतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते तेव्हा तर विचारूच नका. २०२३ मध्ये तर पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा केलंय, आता तो भाव खाणार नाही तर कोण खाणार.

म्हणजे छापील कार्डवर आकडा नसणं हे इथपर्यंत प्रामाणिक आहे. पण सकाळी सातला मालक बाजारातून मासे घेऊन आला ना, मग दुपारी एक वाजता त्याला आपला भाव माहीत नसतो असं कसं होईल? त्याला माहीत असतो, वेटरलाही माहीत असतो, टेबलावर फक्त तुम्हालाच माहीत नसतो.

माझंच सांगतो. तारकर्लीच्या बाजूला एका ठिकाणी (नाव नको) सासरची मंडळी घेऊन बसलेलो. पोरगा स्टीलच्या ताटात चार कच्चे मासे घेऊन आला, एकाचा कल्ला बोटाने उचलून दाखवला, लालभडक, म्हणाला "साहेब, ह्यो घ्या, आताच इलो". आता सासरे बघतायत, मेहुणी बघतेय, आणि मी विचारू 'केवढ्याला?' मी जाणकारासारखी मान हलवली. नंतर बिल बघताना पण तशीच हलवली, नाइलाजाने. तो पोरगा लबाड नव्हता हो, विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने. पुढच्या वेळी ते ताट समोर आलं की एवढंच म्हणा, "हा अख्खा, तळून, ताटात केवढ्याला पडेल?" किलोचा भाव विचारू नका, कारण वजन साफ करायच्या आधीचं असतं आणि त्या हिशेबात आपण हरतो. सरळ आकडा आला तर हॉटेल चांगलं. "तुम्ही खावा ओ, बघू नंतर" असं आलं तर बांगडा थाळी.

प्रश्न : आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो. नवऱ्याच्या ऑफिसातल्या जपानी सरांनी गिंझात सुशी खायला नेलं. भिंतीवर लाकडी पाट्या, माशांची नावं, एकही आकडा नाही. बिल सरांनीच दिलं, पण आता आम्हाला त्यांना परत जेवायला न्यायचंय आणि पोटात गोळा आलाय. — एक वाचक, तोक्यो

उत्तर : त्या पाट्यांवर किंवा कार्डवर कुठे 時価 अशी दोन अक्षरं दिसली का बघा, उच्चार 'जिका', अर्थ 'त्या वेळचा भाव'. म्हणजे मालवणचं एपीएसच, फक्त अक्षर सुंदर. कारणही तेच, लिलाव. तिथला मोठा मासळीबाजार २०१८ साली त्सुकिजीहून तोयोसुला हलला, आणि २०१९ च्या नववर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. तो भाव जाहिरातीसाठी दिलेला, रोजचा नाही, पण ह्यावरून कळतं की तिथे मासा म्हणजे काय प्रकरण आहे.

तुम्ही मात्र दोन गोष्टींची गल्लत करू नका. जिकामध्ये पदार्थ दिसतो आणि पैसे लपलेले असतात. दुसरा प्रकार 'ओमाकासे', म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं', त्यात उलटं, काय येणार ते आचारी ठरवणार पण पूर्ण जेवणाची किंमत बहुतेक ठिकाणी बुकिंग करतानाच कळते. मुंबईत हल्ली दहा-बारा छोट्या डिश एकामागून एक आणणारी टेस्टिंग मेनूवाली रेस्टॉरंट निघालीत तीही ह्याच जातीची. पदार्थ गुपित ठेवण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आईने डब्यात काय दिलंय ते शाळेत उघडेपर्यंत आपल्याला कुठे माहीत असायचं. तर सरांना ओमाकासेला न्या, किंमत बघून बुक करा, पेयांचे वेगळे पडतील ते धरा, आणि निवांत बसा. आणि साध्या इझाकायात (म्हणजे तिकडच्या पिण्या-खाण्याच्या छोट्या अड्ड्यात) न मागता एक चिमुकली वाटी पुढे आली तर ती फुकट समजू नका, तिला 'ओतोशी' म्हणतात, बसायचं भाडं समजा, माणशी काहीशे येन बिलात येतात.

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पॅरिसला गेलो. एका जुन्या रेस्टॉरंटमध्ये माझ्या कार्डवर दरच नव्हते! मला वाटलं छपाईची चूक. ह्यांच्या कार्डवर होते. ट्रिपचे निम्मे पैसे माझे होते हो. — एक वाचक, पुणे

उत्तर : चूक नव्हे ताई, मुद्दाम असतं ते. बाईमाणसाचं कार्ड वेगळं, त्यात किंमत नाही, म्हणजे तिने संकोच न करता मागवावं आणि साहेबांनी मुकाट भरावं अशी जुनी रीत. आता फार कमी उरलीये. १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये एक बाई धंद्यातल्या भागीदाराला जेवायला घेऊन गेली, यजमान ती, बिल देणार ती, आणि बिनदराचं कार्ड तिच्याच हातात! तिने आणि त्या भागीदाराने भेदभावाचा खटला भरला, रेस्टॉरंटने ती पद्धत बंद केली आणि मग खटला मागे घेतला गेला. आणि हे सगळं इतिहासजमा झालं म्हणावं तर २०१९ मध्ये पेरूच्या लिमा शहरात समुद्रातल्या धक्क्यावरच्या एका प्रसिद्ध रेस्टॉरंटला ह्याच गोष्टीसाठी २ लाख १० हजार सोल दंड झाल्याची बातमी होती. अमेरिकन पैशात ६२ हजार डॉलर. त्यांचं म्हणणं, बायकांना रोमँटिक संध्याकाळ मिळावी म्हणून करतो.

फ्रान्समध्ये ह्यावर एक उतारा आहे मात्र. १९८७ च्या सरकारी आदेशाप्रमाणे जेवणाच्या वेळात दरासकट मेनू दाराबाहेर लावावाच लागतो. म्हणून तिथली माणसं फुटपाथवर उभी राहून काचेतलं कार्ड वाचताना दिसतात, कोणी त्यांना कंजूष म्हणत नाही. तुम्ही पण बाहेरच वाचून आत जायचं, मग आतल्या कार्डवर काही का असेना. आणि हसू नका त्यांना फार, आपल्याकडे बाईने बिल मागितलं तरी वेटर ते चामड्याचं पाकीट नेमकं पुरुषापुढे नेऊन ठेवतो, माझ्या बायकोने दोनदा ते ओढून घेतलेलं मी पाहिलंय. बाकी कशाला, आमच्या घरच्या किराण्याच्या बाबतीत बिनदराचं कार्ड माझ्याच हातात असतं.

प्रश्न : नव्या कॅफेंच्या कार्डवर नुसतं '४५०' का लिहितात? रुपयाचं चिन्ह महाग झालंय का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चिन्ह दिसलं की पाकीट आठवतं! अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी २००९ मध्ये हे एका खऱ्या रेस्टॉरंटात करून पाहिलं, ज्यांच्या कार्डवर डॉलरचं चिन्ह नव्हतं, नुसता आकडा होता, त्यांनी जास्त खर्च केला. आपल्या उडप्याच्या फळीवर '/-' असायचंच, तो काळ गेला.

प्रश्न : वेटर येऊन सांगतो "आज शेफ स्पेशल आहे सर", आपण हो म्हणतो, आणि बिलात ती सगळ्यात महाग डिश निघते. वर सर्व्हिस चार्ज. कायदा काही म्हणतो का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाचे हक्क दिलेत त्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता ह्यांच्या जोडीने किंमत कळण्याचा हक्क स्पष्ट लिहिलाय. आता तोंडी स्पेशलसाठी कोणी कोर्टात जात नाही, मीही जाणार नाही, पण "केवढ्याला?" हा प्रश्न भिकारपणाचा नाही, तो तुमचा हक्कच आहे एवढं डोक्यात असलं की आवाज जरा मोकळा निघतो. मोकळा म्हणजे पूर्ण टेबलाला ऐकू जाईल असा विचारा, पाहुण्यांचे पण जीव भांड्यात पडतात, कारण त्यांनाही विचारायचंच असतं.

सर्व्हिस चार्जचं तर अगदी सरळ आहे. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की तो बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने पण नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला कोर्टाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली, वर संघटनांना एकेक लाखाचा भुर्दंड. तेव्हा काढायला सांगा, नाही काढला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटी मात्र भरायचा, त्यावर माझ्याशी भांडू नका. वेटरला टिप द्या, हातात द्या.

प्रश्न : दादा, मी वेंगुर्ल्याजवळ घरगुती खानावळ चालवते. तुम्ही सगळे आम्हाला चोर ठरवता. भाव लिहिला आणि दुसऱ्या दिवशी मासळी महागली तर गिऱ्हाईक फोटो दाखवून भांडतं, "इंटरनेटवर तर ३५० आहे". मग मी का लिहू? — एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, तुमचंच पत्र सगळ्यात खरं वाटलं मला. फोटोवालं गिऱ्हाईक ही नवीन पीडा आहे आणि तीन वर्षांपूर्वीचा दर दाखवून भांडणारी माणसं मी पण पाहिलीत, आपलीच असतात, पुण्या-मुंबईची. म्हणून कार्डवर छापूच नका. फळा लावा, खडूने लिहा, आणि वरती आजची तारीख घाला, मोठी. फोटोत तारीख आली की भांडण आपोआप मिटतं. पापलेट लहान, मध्यम, मोठं असे तीनच आकडे लिहा, ग्रॅममध्ये जाऊच नका. संपलं की ओळ पुसा. पुसलेली ओळ बघून माणूस उरलेलं पटकन मागवतो हा वरचा फायदा.

आणि कोळंबी, कुर्ल्या ह्यांच्यापुढे 'प्लेट' की 'नग' ते न विसरता लिहा. २०१५ च्या ऑक्टोबरात चीनमध्ये छिंगदाओ शहरात एका पर्यटकाने ३८ युआनची कोळंबी मागवली, त्याला वाटलं प्लेट, मालक म्हणाला एका नगाचे ३८, कार्डच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. चाळीसेक कोळंब्या, १५२० युआन. पोलीस आले, देशभर बोंब झाली, ९० हजार युआन दंड झाला, आणि किनाऱ्यावर पर्यटक यावेत म्हणून त्या प्रांताने जाहिरातींवर घातलेला पैसा त्या एका बशीत बुडाला.

फळ्याचा फोटो मला पाठवा. आणि सोलकढी थाळीत धरलीये की वेगळी, ते पण त्यावर लिहा, त्यावरूनच मला ह्या महिन्यात अकरा पत्रं आलीयेत.