नकळत टिपलेला चेहरा

रस्त्यावर झोपलेल्या, रडणाऱ्या किंवा नशेत असलेल्या माणसाचे छायाचित्र टिपणे अनेक देशांत कायद्याला धरून असले, तरी तेवढ्याने ते योग्य ठरत नाही, कारण त्या अवस्थेत त्याला नकार देण्याची संधीच नसते. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये टिपलेले एका स्थलांतरित मजूर आईचे छायाचित्र जगभर पोहोचले. तिचे नाव मात्र १९७८ मध्ये उजेडात आले, आणि तिने या छायाचित्राबद्दल खंतच बोलून दाखवली. म्हणून लांब पल्ल्याच्या लेन्सने चोरून टिपण्यापेक्षा जवळ जाऊन बोलावे (मलाही हे उशिराच उमगले). कोणी हटकल्यास वाद घालू नये. हिंसाचारातून सुटलेल्या व्यक्तीचा चेहरा झाकला, तरी फाइलमधील जीपीएस नोंद तिचे ठिकाण उघड करू शकते. छायाचित्र प्रसिद्ध करण्याआधी ही नोंद काढून टाकावी.