दुकानातली गर्दी बघून शेअर घ्यायचे का?

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दिवाळीत महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नव्हती, लोक एवढा खर्च करतायत म्हटल्यावर साबण-बिस्किटं, टू-व्हीलरवाल्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत का?

उत्तर: अहो, गर्दी खरी हो, पण सणातली गर्दी वर्षभराचं सांगत नाही, त्यात आपल्याकडं उसाचं बिल जमा झालं की बाजार फुलतो आणि बिल लांबलं की दुकानदार माश्या मारत बसतो, त्यामुळं एका महिन्यावर जाऊ नका. कंपनीचा तिमाही निकाल उघडा आणि व्हॉल्यूम ग्रोथ बघा, म्हणजे माल खरंच जास्त खपला का नुसता भाव वाढवून विक्रीचा आकडा फुगलाय ते कळतं, मला तर हाच आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गाड्यांचं पण तसंच, कंपनीनं डीलरकडं पाठवलेल्या गाड्या वेगळ्या आणि आरटीओत नोंदल्या गेलेल्या वेगळ्या, दुसरा आकडा धरा.

आणि खर्च पगारातनं होतोय का कर्जातनं? रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2023 मध्ये विनातारण ग्राहक कर्जांचं रिस्क वेट (कर्जामागं बँकेनं किती भांडवल राखायचं ते ठरवणारा आकडा) 100 वरनं 125 टक्के केलं ते उगीच नाही, अशी कर्जं फारच वेगानं वाढत होती. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कमी झाला तेव्हा थांबलेली खरेदी पण एकदम झाली, म्हणून दोन-तीन तिमाह्या सलग बघा. शेअर आधीच महाग असेल तर खप चांगला असूनही हातात काही पडत नाही, पीई, म्हणजे शेअरचा भाव एका शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते, बघितल्याशिवाय घेऊ नका बघा.