दात आवळले आणि पडद्यावर ‘आनंद’ आला

पत्र: माझी मुलगी बार्शीत बारावी सायन्सला आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं आहे. एका प्रदर्शनात तिनं डोक्याला पट्टा लावून मनातली भावना पडद्यावर दाखवणारं यंत्र पाहिलं, तेव्हापासून ‘मला हेच करायचं’ म्हणते. तिनं नुसते दात आवळले तरी पडद्यावर ‘आनंदी’ असं आलं. ते का आलं, हेच ती सारखं विचारते. एका क्लासनं ‘ब्रेन एआय’चा सहा महिन्यांचा कोर्स सुचवला आहे, फी १ लाख ८० हजार. भरावी का? यात नोकऱ्या आहेत का? घरातले म्हणतात, नीटच दे. (एक वडील)

उत्तर:

नमस्कार,

फी भरू नका, हे आधी सांगते. बारावीच्या मुलीला आत्ता गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं हवं. ते कच्चं असताना घेतलेल्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला पुढे कोणी विचारत नाही.

तुमच्या पत्रातली दात आवळण्याची गोष्ट मात्र मी तीनदा वाचली. प्रदर्शनात शेकडो मुलांनी तो पट्टा लावला असेल. तुमच्या लेकीनं यंत्राची चूक पकडली आणि ती का झाली, हे विचारत बसली. या क्षेत्रात नेमकी हीच नजर लागते.

तिच्या प्रश्नाचं उत्तर असं. मेंदूतल्या पेशींची वीज कवटीतून झिरपत डोक्याच्या कातडीपर्यंत येते, तेव्हा ती साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरते. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलपेक्षा हजारो पटींनी क्षीण. जबड्याचा किंवा कपाळाचा स्नायू आवळला की त्याची वीज हिच्यापेक्षा कितीतरी जोरात येते आणि मुख्यतः २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या, वर पसरते. भावना ओळखणारे बरेचसे प्रोग्राम याच वेगाच्या कंपनांत भावना शोधत असतात. हसतानाही गालाचे स्नायू आवळले जातात. म्हणजे यंत्रानं मेंदूतला आनंद पकडला की गालावरचा, हे वेगळं काढावं लागतं. या कामातली निम्मी मेहनत सिग्नल स्वच्छ करण्यातच जाते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. यंत्राला ‘हा आनंद’ असं शिकवतं कोण? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डीईएपी’ हा माहितीसंच घ्या. ३२ जणांना प्रत्येकी एक-एक मिनिटाचे ४० संगीत-व्हिडिओ दाखवले आणि प्रत्येक व्हिडिओनंतर त्यांनी स्वतःच आकडे भरले: किती छान वाटलं, मन किती उचंबळलं. शांघाय जिआओ तोंग विद्यापीठाच्या ‘सीड’ संचात १५ जणांना चित्रपटांचे तुकडे दाखवले. यंत्र शिकतं ते या उत्तरांवर आणि निवडलेल्या तुकड्यांवर. परीक्षेच्या धास्तीनं पोटात गोळा येतो, तो यातल्या कुठल्याच तुकड्यात नाही. म्हणून ९० टक्के अचूकतेचा दावा दिसला की तिनं एकच विचारावं: ज्या माणसाचा सिग्नल यंत्रानं आधी कधीच पाहिला नाही, त्याच्यावर किती? तिथे आकडा सहसा बराच खाली येतो.

आता नोकऱ्या. ‘भावना ओळखणारा इंजिनिअर’ अशी जाहिरात भारतात क्वचितच दिसेल. पण मेंदूचा सिग्नल वाचता येणाऱ्यांना काम आहे: अपस्मार आणि झोपेच्या तपासण्यांची उपकरणं, कृत्रिम हात, लकव्यानंतर बोलू न शकणाऱ्यांसाठीची साधनं. उलट, वर्गात किंवा कामावर माणसाची भावना टिपण्याच्या धंद्यावर भिस्त ठेवू नये. युरोपीय संघाच्या एआय कायद्यानं २ फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या शाळांत आणि कामाच्या ठिकाणी त्यावर बंदी आणली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांना तेवढी सूट आहे. मला ही बंदी योग्य वाटते. माझ्या लेकीच्या मनात तासाला काय चाललंय, हे शाळेनं पट्टा लावून पाहिलेलं मला चाललं नसतं. तुमच्या लेकीनंही यावर आत्तापासून विचार करावा.

नीटबद्दल थोडक्यात. रुग्ण तपासायची ओढ असेल तर नीट द्यावी, मेंदूविकारतज्ज्ञ होण्याची वाट लांब असली तरी उत्तम आहे. पण तुमच्या पत्रात तिची सगळी ओढ यंत्राकडे दिसते. मग एमएचटी-सीईटी मनापासून द्यावी आणि इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा बायोमेडिकल यांतलं काही घ्यावं. मी पहिलं सुचवेन, कारण त्यात सिग्नलचं गणित नीट शिकवतात आणि चार वर्षांनी मन बदललं तरी दारं उघडी राहतात. कॉम्प्युटर मिळालं तरी बिघडत नाही, सिग्नलचा विषय तिला स्वतः भरून काढावा लागेल, एवढंच. पुढे एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेला २०२० पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे, तर मनाच्या अभ्यासाकडे ओढा वाढला तर आयआयटी कानपूर आणि गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्स शिकता येतं.

आणि हे तिला वाचून दाखवा.

बाळा, बोर्ड आणि सीईटी आटोपली की सुट्टीत एक काम कर. ‘फिजिओनेट’ या संकेतस्थळावर १०९ जणांचं, ६४ इलेक्ट्रोड लावून घेतलेलं ईईजी, म्हणजे डोक्यावरून टिपलेली मेंदूची वीज, फुकट मिळतं. ते वाचायला पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली ‘एमएनई’ ही लायब्ररीही फुकट आहे. प्रत्येकाचं एक मिनिट डोळे उघडे ठेवून घेतलेलं आहे आणि एक मिनिट मिटून. डोक्याच्या मागच्या बाजूचे इलेक्ट्रोड घे आणि दोन्ही मिनिटांचे आलेख एकावर एक काढ. डोळे मिटल्यावर ८ ते १३ हर्ट्झमध्ये एक उंचवटा दिसेल. ही अल्फा लहर हान्स बर्गर यांनी जर्मनीत टिपली आणि १९२९ मध्ये जगापुढे मांडली. भावनेच्या भानगडीत लगेच पडू नकोस. आधी हा उंचवटा काढ आणि १०९ पैकी किती जणांत तो दिसत नाही, ते मोजून मला कळव.