एवढं शिकून बाळंतिणींचं करायला जाऊ का?

"वय ४१. एम.कॉम. नाशिकला बँकेत कर्जविभागात होते. आता इंग्लंडमध्ये मॅटर्निटी सपोर्ट वर्कर व्हायचं मनात आहे. मिस्टर म्हणतात, एवढं शिकून हेच करायचं होतं का? वेडेपणा आहे का हा?"

असा मेसेज मला अधूनमधून येतोच. वय बदलतं, जुनी नोकरी बदलते, मिस्टरांचं वाक्य बहुधा तेच असतं. यातल्या एका ताईंची गोष्ट त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून सांगते.

आधी काम काय ते सांगते, कारण घरातले वाद बहुतेक वेळा ते न कळताच होतात. एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, मॅटर्निटी सपोर्ट वर्कर म्हणजे बाळंतिणींच्या मदतनीस. त्या मिडवाइफच्या, म्हणजे शिकलेल्या, नोंदणीकृत सुईणीच्या, देखरेखीखाली काम करतात. बाळंतिणीचं तापमान, नाडी, रक्तदाब मोजून तक्त्यावर लिहायचा. बाळाला अंगावर घ्यायला आईला मदत करायची. सिझेरियननंतर तिला पहिल्यांदा उठवून बाथरूमपर्यंत न्यायचं. रक्ताने भरलेली चादर बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची. पुढे प्रशिक्षण मिळालं की रक्ताचे नमुने घ्यायचे, पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून तपासणीचं रक्तही. पाळी बारा-साडेबारा तासांची, रात्रीचीसुद्धा. २०२५-२६ मध्ये बँड ३ चा, म्हणजे एनएचएसच्या या वेतनश्रेणीचा, पगार वर्षाला सुमारे २५ हजार पौंडांपासून सुरू होत होता. रात्रीचे आणि रविवारचे जादा पैसे वेगळे.

ताईंचं कारण ऐकून कोणीही विरघळलं असतं. पहिलं बाळंतपण इंग्लंडमध्ये झालं, आईचा व्हिसा वेळेत आला नाही. बाळ छातीला लागेना आणि ह्या रडून बेजार. पहाटे तीनला एक मदतनीस खुर्ची ओढून शेजारी बसली आणि बाळ लागेपर्यंत उठली नाही. "मला तिच्यासारखं व्हायचंय."

हे कारण मला पुरेसं वाटलं नाही, आणि मी तसं सांगितलंही. त्या खुर्चीवर बसायला निवांत वेळ मिळतो तो कधीमधी. बाकी पाळीभर बेल वाजत असते.

मग म्हटलं, "जाऊबाईंचा फोन आलाय असं समजा. काय सांगाल?"

"हॉस्पिटलमध्ये लागले," एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं वाक्य काही केल्या येईना. "त्यांना वाटेल मी आया झाले," त्या शेवटी म्हणाल्या. पगार, वय, पाळ्या या सगळ्याच्या खाली ही गाठ होती. बाळंतपण सुईणीवर सोपवायचं आणि वर तिचाच विटाळ मानायचा, अशी घरं आपल्याकडे कमी नव्हती. त्या उतरंडीत आपण कुठे बसतो याचा हिशेब लंडनला येऊनही सुटत नाही. मी समजूत घातली नाही. जाऊबाईंना काय वाटेल ते वाटू दे. ते सोसवेल का, एवढंच विचारलं.

खरी परीक्षा मात्र मला दुसरीकडे दिसत होती. बँकेत यांच्या सहीशिवाय कर्जाची फाइल हलत नव्हती. इथे पंचविशीतली मिडवाइफ सांगणार आणि यांनी करायचं. आईने विचारलं, "टाके बरोबर भरतायत ना?" तर उत्तर माहीत असलं तरी मिडवाइफला बोलवायचं. निर्णय तिचा, कारण जबाबदारी तिची. तीस माणसांवर साहेबी केलेल्यांना हे रक्तापेक्षा जड जातं.

म्हणून नोकरी सोडण्याआधी चव घ्या, असं ठरलं. त्या दुकानात काउंटरवर होत्या. ते चालू ठेवून प्रसूतिपश्चात वॉर्डात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्या. बऱ्याच जाहिरातींत इंग्रजी आणि गणिताची जीसीएसई (तिथली दहावीसारखी शालेय परीक्षा) पातळीची पात्रता मागतात. भारतीय पदवीची समकक्षता दाखवत बसण्यापेक्षा त्यांनी कॉलेजात फंक्शनल स्किल्सची, म्हणजे मोठ्यांसाठीची व्यवहारी इंग्रजी-गणिताची, परीक्षा देऊन टाकली. पोलीस पडताळणी, म्हणजे डीबीएस, हॉस्पिटलच करतं. केअर सर्टिफिकेट, म्हणजे रुग्णसेवेचं पायाभूत प्रशिक्षण, नोकरीत लागल्यावर होतं. त्यासाठी आधीच पैसे मागणाऱ्या क्लासवाल्यांना दारात उभं करू नका.

नोकरी लागल्यानंतरचा त्यांचा एक फोन लक्षात आहे. एका आईचं तापमान ३८.२ आलं. ती म्हणत होती, "काही नाही, जरा थंडी वाजतेय." मिडवाइफ दुसऱ्या खोलीत गुंतलेली, म्हणाली, आलेच. ताईंनी तक्ता भरला, थोडं थांबल्या, मग पुन्हा जाऊन सांगितलं: आकडा, नाडी, थंडी, सगळं. बाळंतिणीचा ताप म्हणजे जंतुसंसर्गाची शंका, तिथे थांबून चालत नाही. अर्ध्या तासात अँटिबायोटिक सुरू झालं. "निर्णय माझा नव्हता," त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्यांदा जाणं माझं होतं."

मिस्टर अजून नातेवाइकांना "ती एनएचएसमध्ये आहे" एवढंच सांगतात. ताईंनी तो विषय सोडून दिलाय. सध्या त्या नोकरी करत मिडवाइफरीची पदवी देणाऱ्या अप्रेंटिसशिपची माहिती काढतायत. मी म्हटलं, मुलाची जीसीएसई होऊ दे, मग बसू.